अद्दीची गाडी पाणी फेकते

"अहो, तुमची गाडी मुततेय," असं शेजारच्या टॅक्सीवाल्यानं काच खाली करून अगदी शांतपणे सांगितलं, तेव्हा अद्दी सिग्नलच्या लाल दिव्याकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. समोरून ट्राम आडवी चालली होती. दोन दिवस वाळवंटाकडून शर्गी वारा सुटला होता, ऑक्टोबर असूनही कासाब्लांका तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. त्यानं खाली पाहिलं. उजव्या बुटावर हिरवट पाणी पडत होतं, इंजिनाखालच्या बारीक नळीतून पिचकारीसारखं येत होतं आणि डांबरावर पडल्या पडल्या त्याची वाफ होत होती. पायाला चटका बसला तो नंतर कळला. आधी वास आला. गोडसर, किंचित उग्र, औषधाच्या बाटलीत साखर विरघळवावी तसा. हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजवू लागले, टॅक्सीवाला हसत निघून गेला, पण अद्दीला गाडी बंद करून ती उंच, दांडगी, रस्त्यावर आणि रानावनात दोन्हीकडे चालणारी मोटरसायकल फुटपाथपर्यंत ढकलत न्यावी लागली. ढकलताना त्याला वाटलं, आता कुणीतरी हाक मारील. त्या वासाबरोबर एक आवाज यायला हवा होता, आणि तो आला नाही.

तो फुटपाथच्या कडेला गाडीशेजारी बसून राहिला. तिसऱ्या वर्गाला जायला उशीर होत होता. शहरातल्या ऐन सबा भागातल्या मोटार शिकवण्याच्या शाळेत तो शिकवायचा, म्हणजे दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसून स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा. गेली आठ वर्षं त्याचं काम हेच होतं, दुसऱ्याची गाडी वेळेवर थांबवणं. त्याआधी तो दक्षिणेत परदेशी मोटरसायकलवाल्यांना वाळवंटातल्या वाटा दाखवायचा, त्याची ही ओळख शाळेत कुणाला फारशी माहीत नव्हती. इंजिन गार होत टिक टिक वाजत होतं. खिशातला फोन त्यानं काढला. कालचा बास्सूचा आवाजी निरोप अजून तिथंच होता, सातव्यांदा ऐकायचा राहिलेला. त्यानं तो ऐकला नाही; पाठच झाला होता. बास्सूला चार मुलींनंतर शनिवारी मुलगा झाला होता. शुक्रवारी सातव्या दिवशी मेंढा कापताना नाव ठेवायचं होतं. 'नाव ठरलंय,' बास्सू त्याच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणत होता, 'अद्दी ठेवतोय. आता कारणं सांगू नकोस. आणि बसनं येऊ नकोस, गाडी घेऊन ये. पुलापासून तिचा आवाज ऐकायचाय मला.'

इत्तोला त्यानं ते रविवारी रात्री जेवताना सांगितलं होतं. इत्तो त्याची बायको, आणि बास्सूची धाकटी बहीण. ती डायलिसिसच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि बातमी ऐकून तिनं मसुराच्या वाटीवर हात ठेवून रडून घेतलं होतं, सुखानं. सोमवारी सकाळच्या बसनं ती बाळंतिणीच्या मदतीला गेलीसुद्धा. जाताना दारात म्हणाली, गाडीचा हट्ट नको, तूही बसनंच ये, इतक्या लांब ती गाडी टिकायची नाही. अद्दी म्हणाला, बघतो. गेल्या नऊ वर्षांत हा शब्द तो इतक्या वेळा बोलला होता की इत्तोनं तो आता ऐकायचाच सोडला होता. बास्सू दर वर्षी बोलवायचा, अद्दी दर वर्षी 'बघतो' म्हणायचा, आणि दर ऑक्टोबरला बसच्या टपावरून खजुराची एक पेटी यायची. अद्दी ती आणायला बस अड्ड्यावर जायचा आणि घरी येईपर्यंत तिला मांडीवर धरून बसायचा.

म्हणजे गाडी बिघडणं तसं बरंच झालं, असं फुटपाथवर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, आणि मनात आलं म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली. ती लाज घालवायला तो दुरुस्तीच्या मागं लागला. मंगळवारी सुट्टी टाकली. आधी राखीव पाण्याची बाटली बघितली. ती काठोकाठ भरलेली होती, खुणेच्या वर. जास्त झालेलं पाणी बाहेर पडणारच, असं म्हणत त्यानं ते उपसलं आणि गाडी चालू ठेवून बघितली. दहा मिनिटांत पुन्हा पिचकारी. मग हवा अडकली असेल म्हणून गाडीचं तोंड उतारावर वर करून, पाणी ओतून, बुडबुडे येईपर्यंत वाट पाहिली. मग थर्मोस्टॅट बदलला. मग रेडिएटरच्या दोन्ही नळ्या बदलल्या, खरं तर त्यांना काही झालं नव्हतं. पंखा उशिरा लागतो की काय म्हणून त्याचा स्विच बदलला. प्रत्येक वेळी नळीच्या तोंडाशी दुधाची रिकामी बाटली लावून तो बसायचा आणि इंजिन तापत जायचं, पंखा घरघरू लागायचा, आणि बाटलीत पहिला हिरवा थेंब पडायचा. इमारतीतली खालच्या मजल्यावरची म्हातारी लल्ला झोहरा खिडकीतून विचारायची, "झालं का रे? की अजून लघवीचीच तपासणी?" तो हसायचा. बोटं भाजली होती. त्याला तहान लागायची पण पाणी प्यायला तो उठायचा नाही. काहीतरी एक गोष्ट सोडून तो सगळं तपासत होता हे त्याला कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हेही तो बाजूला ठेवत होता, जसं एखादं पत्र उघडायचं नाही म्हणून माणूस त्यावर वर्तमानपत्र ठेवतो.

बास्सूनं त्याला गाडी शिकवली होती, त्यांच्या गावच्या, तागुनितच्या नदीच्या कोरड्या पात्रात, दोघंही अठराचे असताना. बास्सूचा शिकवण्याचा प्रकार म्हणजे शिव्या. 'अरे, लगाम आहे का तो? सोड की हँडल, गाडीला अक्कल आहे तुझ्यापेक्षा.' वाळूत गाडीशी भांडायचं नाही, ती जरा डोलते ती डोलू द्यायची, नजर लांब ठेवायची, हे सगळं बास्सूनं गाढव म्हणत म्हणत त्याच्यात भिनवलं. पुढं दोघांनी मिळून धंदा केला. तंबूच्या दोरीपासून सुईदोऱ्यापर्यंत सगळं बास्सूच्या डोक्यात असायचं. अद्दी भाषा बोलायचा, पाहुण्यांना हसवायचा. संध्याकाळी विस्तवाशी बसून दोघं दिवसभराची हकिगत सांगायचे. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं मध्येच तोडून दुरुस्त करायचं, आणि पाहुणे एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. कासाब्लांकात अद्दीला झोप येत नसली की तो ते तोडणं आठवायचा. 'नाही, नाही, आधी चाक गेलं, मग तू पडलास.' कुणीतरी आपली गोष्ट आपल्यापेक्षा नीट जाणतं, याची त्याला इतकी सवय झाली होती की ते नसताना त्याला स्वतःच्या आठवणीही अर्ध्या वाटत.

ती एक गोष्ट मात्र बास्सू चुकीची सांगत होता. त्या वर्षी जूनमध्ये शरद ऋतूतल्या पाहुण्यांसाठी नवी वाट शोधायला दोघं इरिकीच्या कोरड्या तळ्यापलीकडे जाणार होते. अद्दीची गाडी तेव्हाही पाणी फेकत होती. बास्सूनं एका नजरेत सांगितलं, रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग सैल झाली आहे. झाकण दाब धरत नाही, म्हणून पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. मराकेशला जा, नवं आण, दोन मिनिटांचं काम. अद्दी मराकेशला गेला. तिथं इत्तो परिचारिकेचं शिकत होती. दोघांचं अजून घरी कुणाला ठाऊक नव्हतं. मेनाराच्या बागेत पाण्याच्या काठी ते बसले, आणि इत्तोनं दोनदा विचारलं, तुला दुकान गाठायचं होतं ना. तो म्हणाला, आहे वेळ. ऑलिव्हच्या झाडांत ऊन कलत गेलं, इत्तो बुटांतून पाय काढून बसली होती, तिच्या तळव्यावर गवताचे वळ उठले होते, आणि अद्दीला त्या वेळी जगात कुठलंही दुकान नको होतं. ते बंद झालं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, बाजार बंद. तो तसाच परतला आणि बास्सूनं विचारलं, बदललंस का, तर तो म्हणाला, बदललं. एवढंच. खोटं बोलायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. इत्तोबद्दल सांगावं लागलं असतं म्हणून ते तोंडातून निघालं आणि निघाल्यावर अगदी खरं वाटलं.

मग त्या प्रवासात वाळूचा प्रत्येक चढ आला की अद्दीची गाडी पाणी फेकायची आणि ते पिण्याच्या पाण्यातून भरून निघायचं. तिसऱ्या वेळी बास्सू बुटाच्या टोकानं ओली वाळू उकरत म्हणाला, "झाकण नवं आहे ना?" "नवं आहे," अद्दी म्हणाला. मग दगडी पठारावर बास्सूचं पुढचं चाक घळीत जाऊन वाकलं आणि गाडी त्याच्या पायावर आली. हाड बाहेर दिसत होतं. फोनला रेंज नव्हती. अडीच लिटर पाणी उरलं होतं. एका तलहाच्या काटेरी झाडाखाली पटके बांधून सावली केली, एक लिटर बास्सूपाशी ठेवलं, आणि उरलेलं गाडीत ओतून अद्दी तीस किलोमीटरवरच्या लष्करी चौकीकडे निघाला. दोन तासांत परततो म्हणाला. बास्सू म्हणाला, 'जपून. माझ्यासाठी मरू नकोस, तुझी मयत वाहायला माझ्याकडे पाय नाही.' अकराव्या किलोमीटरला गाडीनं सगळं पाणी फेकलं. लाल दिवा लागला, इंजिन ठोकायला लागलं. तिथून तो चालला. ऊन, संध्याकाळ, आणि मग नुसते तारे. चौकी चुकली, पहाटे एका भटक्या कुटुंबाचा तंबू दिसला. त्यांची जीप घेऊन तो बास्सूपाशी पोचला तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती. पाय काळा पडला होता. वर्झाझातला डॉक्टर हात धुता धुता म्हणाला, काल संध्याकाळपर्यंत आणलं असतं तर पाय वाचला असता. तो साधं, जेवणाच्या वेळेबद्दल बोलावं तसं बोलला. ते वाक्य अद्दीनं एकट्यानं ऐकलं आणि एकट्यापाशी ठेवलं.

गावात जी गोष्ट पसरली ती निराळी होती. तीत एक दगड उडाला होता, रेडिएटर फुटला होता, आणि अद्दी आपल्या मित्रासाठी पाण्याविना एकोणीस किलोमीटर चालला होता. दगड अद्दीनंच घातला होता, एका वाक्यात, शुद्धीवर येणाऱ्या बास्सूला सांगताना. बाकी सगळं बास्सूनं रचलं, मनापासून. बास्सूच्या आईनं अद्दीचं डोकं धरून चुंबलं आणि इत्तोचा हात मागायला तो आला तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाली. लग्नात लोकांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. नवरदेव टाळ्यांच्या आवाजात बसला होता आणि एकच विचार करत होता, हे सगळं आपल्याला त्या बागेतल्या दुपारीच मिळालं आहे आणि त्या दुपारीनंच हिरावूनही घेतलं आहे. नवं झाकण त्यानं नंतर गुपचूप आणून बसवलं, जुनं झागोऱ्याजवळच्या आटलेल्या विहिरीत टाकलं, आणि वर्षभरात बायकोला घेऊन शहरात आला. कारण दक्षिणेत कुठल्याही ओसरीवर बसलं की कुणीतरी म्हणायचं, हाच तो अद्दी. त्यानंतर तो एकदाच गेला, सासूच्या मातीला, आणि एक रात्र राहिला. बास्सूनं पायावर घोंगडी टाकली होती. दोघं हवापाण्याबद्दल बोलले.

बुधवारी सकाळी सगळे उपाय हरले तेव्हा अद्दी गाडी हळूहळू चालवत सालमियाच्या भंगार बाजारामागं मालेम, म्हणजे उस्ताद, जिलालीकडे गेला. जिलाली सत्तरीचा, एका कानानं बहिरा, आणि चांगला कान तो माणसापेक्षा इंजिनाला देत असे. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, नव्या नळ्यांना बोट लावलं, नवा स्विच बघितला, आणि काही न विचारता एक फडकं घेऊन गार झालेल्या रेडिएटरचं झाकण काढलं. ते त्यानं दाब मोजायच्या हातपंपाला लावलं. काटा थोडा चढला आणि लगेच पडला.

"हे कधी बदललंस?"

"नऊ वर्षं झाली."

जिलालीनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "थर्मोस्टॅट नवा, नळ्या नव्या, स्विच नवा. आजारी माणूस कोपऱ्यात कण्हतोय आणि तू बाकीच्या सगळ्या घराला औषध पाजलंस. तुझ्यासारख्या जुन्या माणसाला हे कळलं नाही होय?"

"कळलं होतं," अद्दी म्हणाला.

हे तो मोठ्यानं बोलला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं एका माणसाला खरं उत्तर दिलं होतं आणि त्या माणसाला ते बहुधा ऐकूसुद्धा आलं नव्हतं. जिलाली मागं वळून फळीवरचं नवं झाकण शोधत होता. दोन मिनिटांत झाकण बसलं. मग दोघांनी पुदिन्याचा चहा घेतला आणि गाडी अर्धा तास जागच्या जागी चालू ठेवली. पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला, आणि नळीतून एक थेंबही आला नाही. राखीव बाटलीतलं पाणी चढलं आणि गार होताना आपोआप परत आत ओढलं गेलं. जिलाली म्हणाला, आता हिला सहारा ओलांडून नेलंस तरी तक्रार करायची नाही. अद्दीला वाटलं, आता काही कारण उरलं नाही. त्याच दुपारी तो निघाला.

मराकेश त्यानं बाहेरून टाळलं. तिश्काच्या घाटात ट्रकमागं ट्रक रखडत होते आणि तो त्यांच्या धुरात रांगत वर चढत होता. नजर पुन्हा पुन्हा तापमानाच्या दिव्याकडे जायची आणि दिवा काळाच असायचा. खिंडीत गार वारा लागला. तिथं बास्सू नेहमी थांबायचा आणि खाली दिसणाऱ्या वळणांकडे बघत, मागं राहिलेल्या पाहुण्यांना मनमुराद नावं ठेवायचा. अद्दी थांबला, पण एकटा माणूस खिंडीत थांबला की करण्यासारखं काही नसतं हे त्याला कळलं. आपल्याला नक्की कशाची ओढ आहे? माफीची नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याला ते शब्द हवे होते, तोडणारे, गाढव म्हणणारे. गेल्या नऊ वर्षांत बास्सू त्याच्याशी इतका चांगला वागला होता, इतक्या आदरानं बोलला होता, की त्या चांगुलपणातच जुना बास्सू हरवला होता. अद्दीनं त्याचा पाय घालवला तो घालवलाच. वर त्याच्या तोंडातली शिवीही काढून घेतली. वर्झाझातमध्ये रात्र काढून सकाळी तो द्राच्या खोऱ्यात उतरला. खजुराची कापणी चालली होती, रस्त्याच्या कडेनं घोस लादलेली खेचरं चालली होती, हवेत मधासारखा वास होता. अग्दझ गेलं, झागोरा गेलं. त्यानं वाक्यं जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून त्यानं ती सोडून दिली.

तागुनितचा पूल ओलांडला तेव्हा गुरुवारची दुपार कलली होती. बास्सू घराशेजारच्या खजुराच्या तुकड्यात चादरीवर बसला होता, कुबडी झाडाला टेकलेली, समोर घोसांचा ढीग, आणि चांगले खजूर एका टोपलीत, किडके दुसऱ्या टोपलीत टाकणं चाललं होतं. तो थोराड झाला होता, दाढी पांढरी. त्यानं घाईघाईनं चादरीचं टोक ओढून आखूड पायावर घेतलं आणि मग हसला.

"पुलावरच ओळखलं. इंजिनाचे टॅपेट वाजतायत तुझ्या. ये, बस. बाळ झोपलंय, नाहीतर आधी तुझ्या मांडीवर दिलं असतं."

अद्दी बसला नाही. हेल्मेट हातातच होतं. त्यानं सगळं एका दमात सांगितलं, मराकेश, बाग, दुकान, 'बदललं' म्हणाला ते, दगड उडालाच नव्हता ते, डॉक्टर काय म्हणाला ते. एकही 'पण' आला नाही. बास्सू खजूर निवडत राहिला. काही वेळानं त्याचा हात थांबला. त्यानं आरडाओरड केली नाही. तो वाटेबद्दल विचारायचा तसा एकेक विचारू लागला. दुकान कुठलं? किती वाजता बंद झालं? इत्तोला माहीत आहे? नाही, अद्दी म्हणाला. मग बास्सूनं विचारलं, "पठारावर जायच्या आधी मी विचारलं, झाकण नवं आहे ना. तेव्हा तू खाली बघत होतास."

"हो."

"मला वाटलं, चेन बघतोयस." खजुरावर माशा बसत होत्या. "पाय एका रात्रीत गेला, अद्दी. त्याचं मी बघून घेतलं. पण ही नऊ वर्षं? मी समजत होतो, तुला माझा पाय बघवत नाही म्हणून तू येत नाहीस. तुला पाठवायला फोटो काढायचा तर मी घोंगडी घेऊन बसायचो. पोरींना सांगायचो, अद्दीमामा येईल तेव्हा कुबडी दडवून ठेवा. गाढवा, मी नऊ वर्षं माझ्याच घरात पाय लपवत बसलो, तुला वाईट वाटू नये म्हणून."

आणि त्यानं मांडीवरचं चादरीचं टोक काढून फेकलं. अद्दीनं पाहिलं. गुडघ्याखाली दुमडून शिवलेली विजार, उन्हात पडलेली. त्याला मान वळवावीशी वाटली आणि त्यानं वळवली नाही. बास्सूनं पुन्हा टोपली ओढली. जा आता, तो म्हणाला, माझ्यासमोरून जा. आणि तिला तूच सांग, मी सांगणार नाही.

इत्तो अंगणात उद्याच्या पाहुण्यांसाठी कणीक मळत होती. सांगताना तिच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या हातांकडे बघणं सोपं होतं. ते हात मळत राहिले, हळू झाले, आणि पिठात रुतून थांबले. ती म्हणाली, मी तुला दोनदा विचारलं होतं. एवढंच म्हणाली. मग तिनं हात धुतले, कोरडे केले आणि ती भावाकडे चालत गेली. अद्दी दारात उभा राहिला. खजुरांच्या पलीकडे ती दोघं बसलेली दिसत होती, इत्तोची पाठ, बास्सूचा हलणारा हात. शब्द ऐकू येत नव्हते. एकदा इत्तोचे खांदे हलले. एकदा वाटलं बास्सू हसला, पण ते ऊन असेल. अद्दीला असं वाटलं की आयुष्यात ज्या दोन माणसांमध्ये जाऊन बसावं असं त्याला वाटत आलं, ती तिथं वीस पावलांवर आहेत, आणि ती वीस पावलं चालायचा हक्क त्याच्यापाशी नाही. निघून जावं का, हा विचार आला. गाडी ठीक होती, एका किकमध्ये सुरू झाली असती. तो ओसरीवर जाऊन भिंतीशी बसला आणि तिथंच बसून राहिला. अंधार पडायच्या सुमारास इत्तोनं त्याच्यापुढं रश्श्याचा वाडगा ठेवला आणि रात्री ती वहिनीच्या खोलीत झोपली.

शुक्रवारी सकाळी अंगण भरलं. काका, मामा, शेजारी, जुने वाटाडे. सगळ्यांनी अद्दीला मिठ्या मारल्या, आणि त्या प्रत्येक मिठीत तो लाकडासारखा उभा राहिला. मेंढा आणला. मशिदीतल्या फकीहनं सुरी धरली आणि बाळाचं नाव विचारलं. बास्सू कुबडीवर उभा होता, आज पायावर काही पांघरलेलं नव्हतं. त्यानं अद्दीकडे बघितलं नाही.

"हद्दू," तो म्हणाला. ते त्याच्या वडलांचं नाव होतं.

फकीहनं नाव उच्चारलं, सुरी फिरली, बायकांनी जिभा नाचवून आनंदाची किलकारी मारली. पण पुरुषांत कुजबुज झाली. चहाचे पेले फिरू लागल्यावर बास्सूचा चुलता, जो कुठलीही गोष्ट मनात ठेवत नसे, मोठ्यानं म्हणाला, "का रे बास्सू? तू तर अद्दी ठेवणार होतास. साऱ्या गावाला सांगून झालं होतं."

"विचारलं त्याला," बास्सू पेल्यात फुंकर घालत म्हणाला. "तो नको म्हणाला."

सगळे अद्दीकडे बघून हसले. केवढा विनय, अशा अर्थानं माना हलल्या. अद्दीला कळलं की त्याच्यापुढं दार उघडून ठेवलं आहे. त्यातून बाहेर पडावं, चहा प्यावा, दुपारचं जेवावं आणि गाडीला किक मारावी. बास्सूनं एवढं त्याच्यासाठी केलं होतं, आणि आता त्याच्याकडून काहीच मागितलं नव्हतं. पलीकडे दारात इत्तो भाच्याला घेऊन उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती, कालपासून पहिल्यांदाच. अद्दीनं पेला खाली ठेवला आणि तो उठला.

"का नको म्हणालो, ते सांगतो," तो म्हणाला. "त्या जूनमध्ये काय झालं ते तुम्हाला जे माहीत आहे, ते तसं नाही."

कुठंतरी पेल्यात चमचा वाजला आणि थांबला. बास्सूनं कुबडी भिंतीला लावली, हात टेकून सावकाश चटईवर बसला आणि शेजारची चटई तळहातानं झाडली.

"उभ्यानं सांगू नकोस, लांबण आहे त्याची," तो म्हणाला. "बस. आणि दोन ठिकाणी तू चुकतोस. तिथं मी तोडीन."

अद्दी बसला.